चयापचयाचा पाठ : पडदा, परीक्षानळी आणि गंगेचे पाणी

सजीव पेशीमध्ये क्षणोक्षणी ज्या रासायनिक घडामोडी चालतात, त्यांना चयापचय असे नाव आहे. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. चय म्हणजे रचणे, साठविणे. अपचय म्हणजे मोडणे, झिजणे. या दोन्ही क्रिया एकाच पेशीत एकाच वेळी चालू असतात, हे त्या एका शब्दात सांगितले गेले आहे. दुर्दैव असे की, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विषय बहुधा भिंतीवरील तक्त्याच्या रूपाने भेटतो. तक्त्यावर बाण असतात, बाणांच्या टोकाशी नावे असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती नावे क्रमाने पाठ करावयाची असतात. ज्या घडामोडीचा प्राणच गती हा आहे, तिचे येथे स्थिर चित्र होऊन बसते.

एकच उदाहरण पुरे आहे. पेशीला कामासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या संयुगाच्या रूपाने मिळते. १९२९ साली हार्वर्ड येथे सायरस फिस्के व आपले भारतीय संशोधक यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, स्नायूंमध्ये हे संयुग शोधून काढले. प्रौढ मनुष्याच्या शरीरात दिवसभरात जेवढे एटीपी तयार होते, त्याचे वजन ढोबळ मानाने त्या मनुष्याच्या वजनाइतके भरते. परंतु कोणत्याही एका क्षणी ते शरीरात फार अल्प असते, कारण तयार होताच ते मोडते आणि मोडताच पुन्हा तयार होते. तक्त्यावर एटीपी ही तीन अक्षरे छापली की ती जागच्या जागी राहतात. ही अखंड उलाढाल त्यातून विद्यार्थ्याच्या मनापर्यंत पोचत नाही.

या अडचणीवर अलीकडे पुढे आलेला उपाय म्हणजे ऑनलाइन संवादी पाठ. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर पेशीचे चित्र असते. विद्यार्थी तिला ग्लुकोज पुरवितो, प्राणवायू बंद करतो, एखादे विकर काढून घेतो, आणि त्याचे परिणाम आकड्यांच्या व आलेखांच्या रूपाने त्याच्यासमोर उमटतात. आपल्या देशात २००९ साली केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानातून आभासी प्रयोगशाळांचे काम सुरू झाले. त्यातील जीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान यांच्या प्रयोगांचा मोठा भाग अमृता विश्व विद्यापीठम् या संस्थेने रचला. मुंबईच्या सी-डॅक या संस्थेच्या सहकार्याने शाळांसाठी 'ओलॅब्स' निघाले. २०१७ साली 'स्वयम्' हे व्यासपीठ आले, आणि २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पुरे करण्यास मुभा दिली. तेव्हा असे पाठ असावेत की नसावेत, हा प्रश्न मागे पडला आहे. ते कसे असावेत आणि त्यांच्या शेजारी टेबलावर आणखी काय असावे, हा खरा प्रश्न होय.

हलणारे चित्र म्हणजे संवादी पाठ नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कळ दाबली की ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, पुन्हा दाबली की ते तंतुकणिकेत शिरतात, तिसऱ्यांदा दाबली की चक्र फिरू लागते. अशा पाठात विद्यार्थ्याचे बोट तेवढे काम करते. असा पाठ म्हणजे तोच जुना तक्ता, फक्त विजेवर चालणारा. चयापचय समजणे म्हणजे साखळीतील एक दुवा तुटला असता मागे काय साचेल आणि पुढे काय कमी पडेल, हे आधी सांगता येणे. म्हणून ज्या पाठात विद्यार्थ्याला कळ दाबण्यापूर्वी आपले अनुमान नोंदवावे लागते आणि ते फसल्यास कारण शोधावे लागते, तोच पाठ या विषयाला न्याय देतो.

हे कौशल्य या शास्त्राच्या इतिहासातच दडलेले आहे. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्याच्या साहाय्याने आपले प्रसिद्ध चक्र मांडले. त्यांच्यासमोर कबुतराच्या छातीच्या स्नायूंचा खिमा आणि त्याने किती प्राणवायू शोषला हे मोजणारे एक उपकरण होते. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी आधीच दाखविले होते की, या खिम्यात फ्युमॅरिक आम्ल अगदी थोडे घातले, तरी त्या आम्लाच्या स्वतःच्या ज्वलनास लागेल त्याहून कितीतरी अधिक प्राणवायू शोषला जातो. म्हणजे ते आम्ल खर्च होऊन संपत नव्हते, पुनःपुन्हा वापरले जात होते. क्रेब्ज यांनी मॅलोनिक आम्लाने सक्सिनिक आम्लापुढील वाट बंद केली. सक्सिनिक आम्लापासून फ्युमॅरिक आम्ल होते, हे ठाऊक होते. आता ती वाट बंद असताना फ्युमॅरिक आम्ल घातले, तरी सक्सिनिक आम्ल साचू लागले! समोरचा दरवाजा बंद असताना ते तेथे पोचले कसे? याचे उत्तर एकच संभवत होते : ते दुसऱ्या बाजूने, संपूर्ण वळसा घालून आले असले पाहिजे. रेषा नसून चक्र आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले. 'नेचर' नियतकालिकाने हा लेख परत पाठविला होता. १९५३ साली त्याच कार्यासाठी क्रेब्ज यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

हा प्रयोग आज कोणत्याही महाविद्यालयात जसाच्या तसा करून दाखविता येणार नाही, आणि तो तसा करूही नये. प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन व प्राण्यांवरील प्रयोग यांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली मनाई केली आहे. येथे पडदा उपयोगी पडतो. कबुतराला धक्का न लावता विद्यार्थ्याला क्रेब्ज यांच्यासमोरील आकडे द्यावेत, मॅलोनिक आम्लाची बाटली त्याच्या हाती द्यावी आणि त्याला विचारावे : आता कोणते आम्ल वाढेल? त्याने उत्तर लिहिल्यावाचून पडदा पुढे सरकू नये. अर्ध्या तासात एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून 'म्हणजे ही वाट गोल असली पाहिजे' असे म्हटले, तर त्या वर्गात वर्षभराच्या पाठांतरापेक्षा अधिक काही घडले असे मानावयास हरकत नाही.

मात्र पडद्याचा एक दोष गंभीर आहे. तो चूकही तितक्याच आकर्षक रीतीने शिकवितो. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात, ही संख्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान् पिढ्या छापली गेली. आजच्या हिशेबाने पेशीत प्रत्यक्ष मिळतात ते सुमारे ३० ते ३२, कारण तंतुकणिकेच्या पटलातून होणारी ने-आण व गळती यांवर ऊर्जेचा काही भाग खर्ची पडतो. तसेच लॅक्टिक आम्लाचे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, असे अजूनही सांगितले जाते. वस्तुतः श्रम थांबल्यावर लवकरच ते रक्तातून निघून जाते. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते आणि हृदयाचा स्नायू तर ते इंधन म्हणून वापरतो. लाल रंगाने माखलेला, 'आम्ला'ने विव्हळणारा स्नायू पडद्यावर एकदा पाहिला की तो समज विद्यार्थ्याच्या मनातून काढणे कठीण. छापील पुस्तकातील चूक निदान शिक्षकाला खोडून दुरुस्त करता येते. पाठ रचणाऱ्याने शिक्षकाला तशी सोय ठेवलेली नसते.

हा विचार एखाद्या प्रत्यक्ष स्थळाच्या संदर्भात केला, म्हणजे अधिक स्पष्ट होईल. त्यासाठी वाराणसी घ्यावी. महाराष्ट्राला काशी परकी नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयात विष्णु वासुदेव नारळीकर गणित शिकवीत होते आणि त्यांचे पुत्र जयंत १९५७ साली तेथूनच पदवीधर होऊन पुढे मराठीत विज्ञान लिहिते झाले. १९१६ साली स्थापन झालेल्या या विश्वविद्यालयाच्या आवारात आज अध्यापक-शिक्षणाचे आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. शिक्षकांसाठी मदनमोहन मालवीय यांच्या नावाने निघालेल्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभही २०१४ साली याच नगरीत झाला. तेव्हा नव्या पद्धतीने चयापचय शिकवावयाचे, तर त्यासाठी लागणारी शिक्षकांची तयारी येथे व्हावी, हे योग्यच.

परंतु वाराणसी निवडण्याचे याहून महत्त्वाचे कारण असे की, चयापचयाची उदाहरणे तेथे पावलोपावली विखुरलेली आहेत. विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मधुसूदन कानुनगो यांनी वार्धक्याच्या जीवरसायनाचा अभ्यास केला. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक, १९६० नंतरच्या दशकातील, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकरावर होते. हे विकर पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्लात आणि उलट दिशेनेही रूपांतर घडविते. स्नायू, हृदय, मेंदू यांत त्याची वेगवेगळी रूपे असतात. उंदराच्या वयानुसार त्या रूपांचे परस्परप्रमाण बदलते, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आता याच नगरीच्या गल्लीत कुल्हडमधून मिळणारे दही घ्या. दुधातील जिवाणू साखर मोडून पायरुविक आम्ल बनवितात आणि तशाच एका विकराच्या साहाय्याने त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. दूध विरजते ते त्यामुळे. दह्याचे मडके, धावणाऱ्या मुलाची पोटरी आणि प्रयोगशाळेतील म्हातारा उंदीर या तिन्ही ठिकाणी एकच रासायनिक पायरी आहे. पडद्यावरील पाठात ही तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवून 'यांत समान काय?' एवढेच विचारले, तर तो पाठ काशीचा होईल. परदेशात रचलेल्या पाठात मॅरॅथॉनचा धावपटू असतो. त्यात वावगे काही नाही. पण विरजण घालणाऱ्या घरातील मुलाला तो धावपटू फार दूरचा वाटतो.

आणि गंगा तर समोरच वाहते. नदी प्रदूषित झाली म्हणजे काय झाले? सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ हे जिवाणूंचे अन्न. ते खाताना जिवाणू श्वसन करतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. मग मासे गुदमरतात. म्हणजे नदीचा मृत्यू हा पेशीश्वसनाचाच एक परिणाम आहे. किती प्राणवायू खाल्ला जाईल, हे मोजण्याची रीत साधी आहे. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडाही न ठेवता पाण्याने भरावयाची, आरंभी प्राणवायू मोजावयाचा, बाटली अंधारात ठेवावयाची आणि ठरलेल्या दिवसांनी पुन्हा मोजावयाचा. पाण्यात सांडपाणी फार असेल, तर ते आधी पातळ करावे लागते, नाहीतर मोजणीच्या दिवसापूर्वीच प्राणवायू शून्यावर येतो. मोजणीची विंकलर पद्धती १८८८ सालची आहे, आणि तिला लागणारी रसायने पदवीच्या कोणत्याही रसायनशाळेत मिळतात. हातमोजे आणि शिक्षकाची देखरेख मात्र हवी. ते पाणी जंतूंनी भरलेले असू शकते.

ही मोजणी काशीत नवी नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत असे दुहेरी जीवन जगलेल्या वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन स्थापिले. पुढे तुळशीघाटावर त्याची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तीत नदीच्या पाण्याच्या नोंदी होऊ लागल्या. पहाटे त्याच पाण्यात स्नान करणारा मनुष्य दुपारी त्याच पाण्यातील प्राणवायूचे आकडे मांडी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

आता येथे पडदा व बाटली यांची सांगड कशी बसते, ते पहावे. ही कसोटी अनेक देशांत २० अंश सेल्सिअस तपमानास पाच दिवस ठेवून घेतात. भारतात २७ अंशांस तीन दिवस ठेवण्याची रीत मानक म्हणून स्वीकारलेली आहे. का? हा प्रश्न पडद्यावर मांडावा. विद्यार्थ्याने तपमानाचा काटा २० वरून २७ वर न्यावा आणि वक्र किती झपाट्याने खाली येतो, ते आधी रेखाटून मग पहावे. विकरांची क्रिया ठराविक मर्यादेपर्यंत तपमानाबरोबर वाढते, हे पुस्तकातील वाक्य त्याला येथे कामास लावावे लागते. मग दुसरा प्रश्न : २० अंशांस स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस केवळ ७.५ च्या आसपास. तर मग मे महिन्यात, पात्रातील पाणी कमी, तापलेले, आणि त्यात पडणारे सांडपाणी तेवढेच असताना काय होईल? प्राणवायूचा साठा घटतो आणि त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढते. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्या देशाचे मानक असे की, लिटरमागे प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि त्या बाटलीतील जैविक मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. हे दोन आकडे विद्यार्थ्याने पाठ न करता त्यांचे कारण सांगितले, म्हणजे शिक्षकाने समाधान मानावे.

पडद्यावर हे सारे पाच मिनिटांत होते, बाटलीत तीन दिवस लागतात. पाच मिनिटांच्या सोयीसाठी तीन दिवस टाकून द्यावेत, असे काही व्यवस्थापकांना वाटणे शक्य आहे. रसायनांचा खर्च नाही, काच फुटत नाही, प्रयोगशाळा-साहाय्यकाचे पद रिकामे ठेवता येते! या मोहाला ठाम विरोध झाला पाहिजे. पडद्यावरील जिवाणू रचणाऱ्याने घातलेल्या समीकरणाप्रमाणे वागतात. नदीतील जिवाणू तसे वागतीलच असे नाही. किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, उदाहरण बोधप्रद आहे. हवा मिळाली म्हणजे किण्व साखर सावकाश वापरते, असे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखविले. प्राणवायूमुळे तेवढ्याच साखरेतून अधिक ऊर्जा मिळते, हे त्याचे कारण, आणि पडद्यावरील पाठ ते सुबक रीतीने दाखवितो. पण साखर भरपूर असली, तर हेच किण्व हवा असूनही मद्यार्क करीत राहते. परीक्षानळीत साखरपाणी, किण्व आणि तोंडाला फुगा एवढ्या सामग्रीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही विसंगती केव्हातरी भेटते. केवळ पडद्यासमोर बसणाऱ्याला रचणाऱ्याने ती घातलीच नसेल, तर कधीही भेटत नाही. विज्ञान शिकणे ज्या क्षणी सुरू होते, तो क्षणच त्यातून गळून पडतो.

वाराणसीजवळ दीनापूर येथील सांडपाणी-शुद्धीकरण केंद्र हीही एक मोठी प्रयोगशाळाच मानता येईल. १९८६ साली याच नगरीत आरंभ झालेल्या गंगा कृती योजनेतून तेथे दररोज ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, आणि २०१८ साली १४० दशलक्ष लिटरचे दुसरे केंद्र सुरू झाले. नदीत जे जिवाणू प्राणवायू संपवितात, तशाच जिवाणूंना तेथे हौदात ठेवून यंत्राने हवा पुरवितात आणि त्यांच्याकडून घाण खाववून घेतात. ज्या चयापचयाने नदी गुदमरते, त्याच चयापचयाने पाणी शुद्ध होते. फरक हवेच्या पुरवठ्याचा. रात्रभर वीज गेली आणि हवा थांबली, तर त्या हौदात कोणते जिवाणू मागे पडतील, कोणते पुढे येतील, पहाटे वास कसला येईल? शिक्षकाने हा प्रश्न पडद्यावर द्यावा आणि मग विद्यार्थ्यांना केंद्राच्या भेटीस न्यावे.

उरला भाषेचा प्रश्न, आणि तो लहान नाही. १८९३ साली काशीत स्थापन झालेल्या नागरीप्रचारिणी सभेने १९०६ साली हिंदीचा वैज्ञानिक शब्दकोश प्रसिद्ध केला. शास्त्रीय परिभाषेच्या घडणीत या नगरीचा वाटा फार जुना आहे. असे असूनही पडद्यावरील बहुतेक पाठांतील नावे इंग्रजीत असतात. मराठी विद्यार्थी ज्याला चयापचय म्हणतो, त्याला काशीचा विद्यार्थी उपापचय म्हणतो. मराठीतील तंतुकणिका हिंदीत सूत्रकणिका होते. ही भिन्नता गैरसोयीची खरी, पण इंग्रजी पाटी लावून ती सुटत नाही, केवळ दोघांनाही सारखेच दूर ठेवते. संगणकाला एक सोय आहे जी छापील तक्त्याला नव्हती : पाटी बदलता येते, आणि झाकताही येते. आरंभी नावे झाकावीत व त्या घटकाचे काम तेवढे दाखवावे. काम कळल्यावर आपल्या भाषेतील नाव यावे आणि शेवटी आंतरराष्ट्रीय नाव. ओलॅब्समधील काही प्रयोग मराठीत आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पदवीच्या पातळीवरील चयापचयाच्या पाठांनाही तोच न्याय लावावयास हवा. अनुवादकाला या कामी पाठ रचणाऱ्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून बसवावे. पाठ पूर्ण झाल्यावर त्याच्याकडे केवळ शब्दांची यादी धाडली, तर यादीचेच भाषांतर होते.

परीक्षा मात्र जुन्याच वळणाची राहिली, तर यातील काहीच टिकणार नाही. ग्लुकोजच्या अपघटनाच्या दहा पायऱ्या क्रमाने लिहा, असा प्रश्न असेपर्यंत विद्यार्थी पडद्यावरही तीच यादी शोधील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याऐवजी अनोळखी बाटलीतील तीन दिवसांचे आकडे द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी वक्र अचानक सपाट का झाला, असे विचारावे. अन्न संपले, प्राणवायू संपला, की बाटलीत एखादे विषारी द्रव्य होते, हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याने आणखी कोणती मोजणी मागितली, यावर गुण द्यावेत. अशी प्रश्नपत्रिका काढणे शिक्षकाला जड जाते, तपासणे त्याहून जड. त्याला तेवढा वेळ व तेवढे शिक्षण देण्याचे काम काशीतील आणि इतरत्रच्या अध्यापक-केंद्रांचे आहे.